शून्य वेळा

परसोडीत, आयटी पार्कामागच्या तिसऱ्या माळ्यावर
कूलरचं पाणी बाराला संपलं. पंप कोरडाच घरघरतोय.
बाहेर शेहेचाळीस पूर्णांक दोन.
मी एका रिकाम्या यादीवर लूप फिरवून बघतेय.

झालं असं, की मागच्या महिन्यात
आमच्या स्क्रिप्टनं एक वीजबिल काढलं
कोणाच्याच नावाचं नसलेलं.
नाव कोरं, पत्ता कोरा, युनिट कोरे,
स्थिर आकार मात्र एकशे सतरा रुपये.
ते छापलं गेलं, घडी पडली, पाकिटात शिरलं,
आणि बिलं वाटणारा पोरगा तीन दिवस
मानेवाड्यात ते घेऊन हिंडला.
मग फोन : "मॅडम, हे कोणाले देऊ?"

म्हणून आज एकेक रिकामं तपासणं.

पहिलं, उघडं रिकामं.
लूप उंबऱ्यावरूनच परतला.
शून्य वेळा चालला, कुरकुर नाही,
वर कळवलंन : सगळं ठीक.

मग तेच रिकामं, पण अवतरणचिन्हांत.
अलीकडे दोन बारीक रेघा, पलीकडे दोन.
आता तो एकदा चालला.
हातात काही नसताना
पूर्ण अदबीनं आत गेला, बिल काढून आला.
किती वेळ बघत बसले मी त्या चार रेघांकडे.
आत काही नाहीच.
नुसतं कोणीतरी धरून ठेवलंय,
तेवढ्यानं ते मोजणीत आलं.

तिसऱ्या वेळी ओस फोल्डर दिलं.
तारा टाकून म्हटलं, असतील तेवढ्या फाइली आण.
एकही नव्हती,
तर त्यानं माझी ताऱ्याची आज्ञाच
फाइल समजून पुढ्यात ठेवली.
बंद घराच्या दारात "कोणी आहे का" ओरडावं
आणि आतून 'कोणी' नावाचाच माणूस
बनियनवर बाहेर यावा, तसं.

"काय करून राहिली वं ताई?" पलीकडून तन्मय चाफले.
"रिकामं फिरवून पाहून राहिली."
"मंग आम्ही सकाळपासून काय करून राहिलो!"

तांडापेठेत बाबांचा माग होता.
कांडी संपली तरी धोटा थांबत नाही,
खटक-खटक तोच, पाय तेच, फणी तशीच आपटते,
फक्त कापड सुताएवढंही वाढत नाही.
शेजारचा भगवंता असा दहा-दहा हात मारायचा,
मग शिव्या घालत उसवत बसायचा.
बाबांचा हात दुसऱ्या फेकीला थांबे.
"कसं कळलं?"
"हलका गेला ना."
यापलीकडे त्यांनी कधी काही समजावलं नाही.

लूपच्या आत पहिली ओळ लिहिली :
हलकं असेल तर पुढे चल.
पुन्हा फिरवलं. कोरं नाव गळलं, तारा गळला.
चहा मागवला.

आणि मग पोटात धस्स झालं : शून्य?
शून्य युनिट म्हणजे रिकामं समजला तर?

यादीत तशी चारशे बारा घरं आहेत.
कुलूप लावून पोरांकडे पुण्याला गेलेली,
भाडेकरू मिळत नाही अशी,
आणि तांडापेठेतली एक खोली, हेडाऊ केवळराम.
माग विकून सहा वर्षं झाली, माणूस जाऊन चार.
मीटर आहे. चाक फिरत नाही.
एकशे सतरा मी भरते दर महिन्याला,
भाऊ म्हणतो, कापून टाक ना कनेक्शन.

एन्टर दाबायला जरा वेळच लावला.

शून्य आत गेलं.
वजन होतं त्याला.
चारशे बारा वेळा गेलं, एकही गळलं नाही,
हेडाऊ केवळराम दोनशे सत्त्याण्णवावे.

संध्याकाळी तो पोरगा येऊन
मानेवाड्याचं पाकीट माझ्या टेबलावर टाकून गेला.
पत्त्याच्या खिडकीतून नुसतं पांढरं दिसतंय.
फाडायचं म्हणून उचललं,
मग ड्रॉवरमध्ये ठेवलं.